मिस्त्रीच्या छातीतली जाळी

टायरच्या गोदामावरचा हॉल सकाळी आठलाच भरला होता. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक जिन्यावर बसले, जिना संपला तेव्हा खाली टायरांच्या ढिगांवर. वरून जो उतरून येई त्याचा चेहरा असा काही झालेला असे, की आत काय घडलं हे विचारायची सोय राहू नये. हॉलच्या दारावर पाटी होती : 'चपला आणि शंका बाहेर ठेवा.' मी चपला ठेवल्या.

आत लाकडी मंच, मंचावर पांढरी चादर घातलेलं बाक आणि बाकाशेजारी चुंबकबुवा. उघड्या छातीवर त्यांनी तीन चमचे आणि एक उलथणं चिकटवून घेतलं होतं. तरुणपणी त्यांच्या अंगावर म्हणे वीज पडली, तेव्हापासून देहाचा चुंबक झाला. विजेचं मला ठाऊक नाही, पण गोदामाचं छत पत्र्याचं होतं, पंखा एकच होता आणि बुवा घामाने निथळत होते. घामट अंगाला चमचा चिकटतोच. माझी नात जेवताना नाकाला चिकटवून दाखवते. तिला अजून कुणी मंचावर बसवलेलं नाही.

"हृदय म्हणजे देवाचं घर," बुवा सांगत होते. "त्या घरात तुम्ही लोखंडाची जाळी ठोकलीत. देवाला पिंजऱ्यात कोंडलंत आणि वर मलाच विचारता, बुवा, जिना चढताना धाप का लागते? अरे, पिंजऱ्यातला देव जिने चढेल का?"

माना डोलल्या. देव जिने चढतो की नाही हा प्रश्न तिथल्या कुणालाच त्याआधी पडलेला नव्हता, पण बुवांनी विचारल्यावर उत्तर सगळ्यांना येत होतं.

त्या दिवशी बाकावर आडवा झालेला माणूस माझा धाकटा भाऊ होता. सेंटरिंगचा मिस्त्री. स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेकू लावायचे, काँक्रीट स्वतःच्या पायावर उभं राहिलं की ते काढायचे, हे काम त्याने बत्तीस वर्षं केलंय. ओळंबा न लावता भिंत सरळ आहे असं त्याला सांगून बघा. तो असा बघेल की तुम्हीच वाकडे व्हाल. असा माणूस शर्टाची बटणं सोडून, डोळे मिटून, कोकरासारखा पडला होता. पायाशी भावजय हात जोडून उभी, आणि तिच्यामागे मी, हात बांधून.

चेल्याने दुधाळ पाण्याच्या वाडग्यातून कापसाचा बोळा काढून दिला. बुवांनी तो छातीवर डावीकडे दाबला, डोळे पांढरे केले, घशातून सतरा प्रकारचे आवाज काढले आणि बोळा झटक्याने उचलून ताटलीवर झाडला. ताटलीत काहीतरी टणकन वाजलं. माईक ताटलीलाच लावून धरलेला होता, त्यामुळे तो आवाज खालच्या टायरांपर्यंत पोचला. तारांची विणलेली पोकळ नळी होती ती, करंगळीच्या अर्ध्या पेराएवढी. रक्ताचा थेंब नाही, छातीवर ओरखडा नाही. लोकांनी रांग लावून भिंगातून पाहिली.

"आला पिंजरा बाहेर," बुवा म्हणाले. "लेकरा, आजपासून गोळ्या बंद. गोळी म्हणजे त्या जाळीचा खुराक. जाळीच नाही, तर आता खाऊ घालतोस कुणाला?"

भाऊ उठून बसला आणि रडायला लागला. अंगठ्यावर हातोडा बसला तर शिवी देणारा माणूस तो. त्याला रडताना पाहून हॉल रडला, भावजय रडली. मी मात्र ताटलीकडेच बघत होते.

चार महिन्यांपूर्वी कामावरच त्याच्या छातीत कळ आली होती. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी आतून चोंदली होती. डॉक्टरीणबाईंनी मनगटातून बारीक तार सरकवून ती नळी फुगवली आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळी बसवली. चौथ्या दिवशी तो चालत घरी आला. वाचला, ही गोष्ट त्याला आठवडाभर पुरली. मग ज्याने त्याने सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, जाळी गंजते. कुणी म्हणालं, मोबाइल खिशात ठेवलास तर तापते. तो छातीवर हात ठेवून बसायला लागला. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या असत. त्या तो कामावर पिंपाआड जाऊन घेई, हाताखालच्या लोकांनी पाहू नये म्हणून. अशा माणसाला 'तू पहिल्यासारखा आहेस' असं सांगणारा हवा होता. तो टायरच्या गोदामावर मिळाला.

घरी आल्याबरोबर त्याने गोळ्यांची पाकिटं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि जाळीची डबी टीव्हीवर मांडली.

मला अक्षरं पन्नाशीनंतर आली. उशिरा आलेल्या पाहुण्याला दारातून परत लावू नये, तसं मी समोर आलेलं एकही अक्षर सोडत नाही. बसचं तिकीटसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचते. दुसऱ्या दिवशी भावजयीकडून मी दवाखान्याचे कागद मागून घेतले. त्यात एक घडीचं माहितीपत्रक होतं, आपल्याच भाषेत, आणि घडी अजून कोरी होती. चार महिन्यांत ते कुणी उघडलंच नव्हतं. भाऊ म्हणे, ते डॉक्टर लोकांसाठी असतं. पुतण्या कॉलेजात जातो. तो म्हणे, मला वाटलं बाबांनी वाचलं असेल.

मी मोठ्याने वाचलं. 'आपल्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी धातूची नाही. ती शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाची आहे. साधारण तीन वर्षांत ती नाहीशी होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत.'

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवरच्या डबीतली जाळी तारेची होती, लख्ख.

"वन्सं," भावजय हळूच म्हणाली, "मग ही कुणाची?"

भाऊ चिडला. कागदावर काय, कुणीही काहीही छापतं, म्हणाला. पण झोप त्यालाही आली नसावी, कारण तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला की बुवांना विचारून टाकू. आम्ही गेलो. बुवा एकांतात होते. एकांतातून भज्यांचा वास येत होता. चेल्याने माहितीपत्रक आत नेलं आणि पाव तासाने बाहेर आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. भावाला हाताला धरून त्याने थेट माईकसमोर उभं केलं. या मिस्त्रीची जाळी प्लास्टिकसारख्या पदार्थाची होती, त्याने हॉलला सांगितलं. चुंबकाला प्लास्टिक ओढता येत नाही. तेव्हा बुवांनी आधी छातीतल्या छातीत त्याचं लोखंड केलं आणि मग ओढलं. एका बोळ्यात दोन चमत्कार. पुरावा म्हणून त्याने दवाखान्याचं माहितीपत्रकच उंच धरलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या विरुद्ध आलेला पुरावा असा आपल्याच खांद्यावर बसवून मिरवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. भाऊ छाती काढून परत आला. दुसऱ्या दिवशी टायरांवरसुद्धा जागा उरली नाही.

मी एकटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. डबा खात होत्या. मी सगळं सांगताच घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं की गोळ्या बंद करून किती दिवस झाले. चार, मी म्हणाले. त्यांनी डबा मिटला.

त्यांनी समजावलं ते असं. जाळी अजून नवी आहे, तिच्यावर आतून नळीची कातडी नीट धरायची आहे. रक्ताला ती परकी वाटते आणि परक्या वस्तूभोवती रक्त गोठतं. गोळ्या ते गोठू देत नाहीत. बंद केल्यावर त्यांचा असर पाच ते सात दिवसांत उतरतो. मग एखादी गुठळी धरली तर नळी क्षणात बंद होईल आणि या वेळी दवाखान्यापर्यंत यायला वेळ मिळेलच असं नाही. विरघळणारी जाळी सगळ्यांना देत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. ती दिली की गोळ्यांची शिस्त जास्तच पाळावी लागते. "तपासणीला आले नाहीत म्हणून मी त्यांना फोन केला होता," त्या म्हणाल्या. "जाळीच नाही तर यायचं कशाला, म्हणाले. तयार झाले की त्याच मिनिटाला घेऊन या. वाट पाहत थांबू नका."

पाचव्या दिवशी सकाळी मीच बाकावर आडवी झाले.

चेल्याला मी सांगितलं होतं की माझ्याही छातीत जाळी आहे, दोन वर्षं झाली, फार जड वाटतं. भाऊ माझ्यासोबत आला होता. अक्काही शेवटी शहाणी झाली, अशा समाधानाने तो पहिल्या रांगेत बसला. बुवांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले की पिंजरा फार जुना आहे, देव अगदी मेटाकुटीला आलाय. मग बोळा आला. तो ब्लाउजच्या गळ्याशी टेकला न टेकला तोच मला टोचलं. बुवांनी अजून दाबलं नव्हतं, डोळे पांढरे व्हायचे होते, सतरा आवाजांतला पहिलासुद्धा निघायचा होता. जाळी माझ्या छातीतून कापसात जाणार होती ना? ती तर कापसातून माझ्या छातीवर आली होती.

टणकन आवाज झाला. मी उठून बसले आणि चेल्याच्या हातातला माईक घेतला.

"माझ्या छातीत कधीच जाळी नव्हती," मी म्हणाले. "बाळंतपणाशिवाय मी दवाखान्याची पायरी चढलेली नाही. मग बुवांनी हे काढलं कुठून?"

मला वाटलं, झालं. पण बुवा कसलेला गडी. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आता मरणार होते.

"बाई, तुला पुढल्या वर्षी जाळी बसणार होती," ते म्हणाले. "मी आगाऊ काढली."

पुन्हा टाळ्या. मागून एक म्हातारा ओरडला की माझीही आगाऊ काढा. मी ताटलीतली जाळी मुठीत घेतली आणि जिना उतरले. चपला जागेवर होत्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वायरमनचं दुकान आहे. त्याच्या टेबलावर मी मूठ उघडली. त्याने निरखूनही पाहिलं नाही. टीव्हीच्या केबलचा एक तुकडा उचलला, वरचं काळं आवरण सुरीने गोल कापून सोलून काढलं. आत तारांची विणलेली नळी. ती त्याने बोटभर सरकवून काढली, अर्ध्या पेरावर कापली आणि माझ्या जाळीशेजारी ठेवली. जुळ्या बहिणी. फार लांब केबलही नको मावशी, तो म्हणाला, हातभर तुकड्यात पन्नास माणसं बरी होतील.

घरी येऊन मी तिन्ही जाळ्या ताटात ओळीने मांडल्या : भावाची, माझी आणि वायरमनची. भावजयीने ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कपाटावरच्या गोळ्या खाली काढून ठेवल्या. भावाने तिन्ही जाळ्या बोटाने उलटून पाहिल्या. मला वाटलं, आता पटलं. पण फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा फसवणूक उघड करणाऱ्याचा राग जास्त येतो. हॉलभर लोकांसमोर तो रडला होता, माईकसमोर उभा राहिला होता. ते सगळं एका ताटात मांडून मी त्याच्यापुढे ठेवलं होतं.

"तू खोटं बोलून गेलीस, म्हणून तुला खोटी मिळाली," तो म्हणाला. "मी खरा गेलो होतो." आणि गोळ्या पुन्हा फळीवर गेल्या.

सहाव्या दिवशी मी त्याच्या कामावर गेले.

मीही तीस वर्षं त्याच्याच कामांवर घमेली वाहिली आहेत, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून नऊ दिवस झाले होते. खाली टेकूच्या बल्ल्यांचं रान उभं होतं, प्रत्येक बल्लीच्या बुडाशी लाकडी पाचर ठोकलेली. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून वर एक माणूस पाइपाने पाणी मारत होता, फटींतून थेंब गळत होते. भाऊ कोपऱ्यात कुणाला तरी झापत होता. मी भिंतीशी पडलेला हातोडा उचलला, मधल्या बीमखाली गेले आणि पाचरीवर एक घाव घातला.

त्या आवाजाला तो जसा धावत आला तसा तो आजारपणानंतर धावला नव्हता. त्याने माझं मनगट धरलं.

"अक्का, वेड लागलं का? नऊ दिवस झालेत फक्त. बीमखालचं एकवीस दिवस हलवायचं नसतं."

"स्लॅब पक्का झालाय," मी म्हणाले. "बुवांना विचारून आले मी. ते म्हणाले, टेकू काढून टाका, जड वाटत असेल त्याला."

"बुवांना काय कळतं काँक्रीटमधलं?"

हातोडा माझ्या हातात तसाच, मनगट त्याच्या हातात तसंच. त्याचे लोक बल्ल्यांमधून बघत होते. त्याने एकदा पाचरीकडे पाहिलं, आणि मग त्याचा दुसरा हात आपोआप छातीवर गेला.

मग मी डॉक्टरीणबाईंचं सगळं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. तुझी नळी म्हणजे ओला स्लॅब. जाळी म्हणजे तुझं सेंटरिंग. फरक इतकाच की हे काढायला कुणाला आत जावं लागत नाही, मुदत भरली की आपोआप विरघळतं. मुदत तीन वर्षं, आणि झालेत चार महिने. गोळी म्हणजे तू रोज मारतोस ते पाणी. दोन्हींचं काम अगदी एक नाही, पण चुकवायचं नाही हे एकच. लोकांच्या घराखालची एक पाचर तू मला हलवू देत नाहीस, आणि स्वतःच्या छातीतले सगळे टेकू त्या घामट माणसाच्या शब्दावर सोडून दिलेस.

"निघाली नसेल ना ती?" त्याने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "म्हणजे अजून आत आहे?"

"आत आहे. म्हणून तर मी आले."

तो बल्लीला टेकून बसला. पाणी मारणाऱ्याला त्याने हाक मारली आणि पिण्याचं पाणी मागितलं. गोळ्या माझ्या पदराच्या गाठीत होत्या. भावजयीनेच सकाळी बांधून दिल्या होत्या. पिंपाआड न जाता, सगळ्या लोकांसमोर त्याने त्या घेतल्या. एक पोरगा फिदीफिदी हसला, मिस्त्री औषधावर चालतात म्हणाला. भावाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"हो," तो म्हणाला. "आणि तू माझ्यावर चालतोस. जा, ती पाचर ठोक परत."

तिथून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग तपासलं, मग एक वाढीव गोळी दिली. गुठळी नव्हती, आमचं नशीब म्हणा, मी वेळेवर म्हणेन. त्यांनी त्याला यंत्राखाली झोपवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. जाळी या यंत्रात दिसत नाही, म्हणाल्या, पण ती कुठे बसली हे कळावं म्हणून तिच्या दोन्ही टोकांना धातूचे सूक्ष्म ठिपके असतात. ते तेवढे कायमचे राहतात. धडधडत्या हृदयावर चार काळे ठिपके होते, दोन इकडे, दोन तिकडे, ठोक्यागणिक हलणारे. बुवांनी काहीही काढलं नव्हतं. भाऊ पडद्याकडे बघत राहिला.

"पण मग विरघळून ती जाते कुठे?" त्याने विचारलं. चार महिन्यांत त्याने डॉक्टरांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिचं हळूहळू पाणी होतं, त्यांनी सांगितलं, आणि थोडा वायू. तो श्वासातून बाहेर पडतो.

"म्हणजे ती मीच काढणार," भाऊ म्हणाला. "रोज थोडी थोडी."

तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

बुवा अजून आहेत. गोदाम सोडून दोन गावं पुढे गेलेत, हल्ली गुडघ्यातले खिळे काढतात. त्यांना पकडून द्यायला भाऊ आणि वायरमन पोलिसांत तक्रार घेऊन गेले आहेत. व्हायचं ते होईल. पण एक बुवा गेला तर जागा रिकामी राहत नाही, कारण जागा आपण भीतीने करून ठेवलेली असते. छातीत कुणी माणसाने बसवलेली जाळी आपल्याला भीतीदायक वाटते, आणि त्यातली एखादी आपली मुदत ओळखून श्वासातून निघूनही जाते हे कुणी विचारून घेत नाही. म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरात असा कुणी असेल तर आज त्याचे कागद उघडा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, त्यात लाज नाही. गोळी बंद करायची की नाही हे जिने जाळी बसवली तिलाच विचारा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. विचारल्याने देव कोपत नाही, आणि डॉक्टर कोपले तर तिसऱ्यांदा विचारा.